घरची दहा वाक्यं

सडेवाडीच्या शाळेत पोचल्यावर साळवींनी नेहमीप्रमाणे तीन खुर्च्या मागितल्या आणि मग एक परत पाठवली.

रेडीज बाईंनी ती खुर्ची उचलून भिंतीला लावली. "मॅडम आजपण नाही आल्या?"

"नाही. तब्येत बरी नसते तिची."

दीड वर्ष साळवी सगळ्यांना हेच सांगत होते. त्यांच्या बायकोला, पवित्राला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती गेली पुण्याच्या दवाखान्यात, पुढचं सगळं तिकडंच उरकलं. परत आल्यावर पहिल्याच शाळेत कुणीतरी 'मॅडम कुठायत?' म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून 'बरं नाही तिला' एवढंच निघालं. एकदा तसं सांगितल्यावर दुसऱ्या शाळेत वेगळं काय सांगणार? मग तेच चालू राहिलं.

भालचंद्र साळवी शाळांचे मानसतज्ज्ञ होते. सरकारी नाहीत, कुठल्या संस्थेचे नाहीत, स्वतंत्र. ऑफिस नाही, पाटी नाही. एक पिशवी, तिच्यात चाचण्यांचं सामान, आणि दोन भाषा. मूळचे रत्नागिरीचेच, पण उमेदीची अकरा वर्षं त्यांनी दार्जिलिंगजवळच्या कालिंपोंगच्या एका शाळेत काढली. पवित्रा तिथं शिक्षिका होती. तिच्याकडून ते नेपाळी शिकले आणि तिला घेऊनच परत आले. तेव्हा कोकणातल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसं बायकापोरांसकट येऊ लागली होती. आता तर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, शाळांचा निम्मा पट त्यांच्याच मुलांचा. मूल शाळेत गप्प बसलं की ते भाषा येत नाही म्हणून गप्प आहे, घाबरलंय म्हणून गप्प आहे, की खरंच त्याला काही समजत नाही, हे सांगायला दोन्ही भाषा येणारं माणूस लागायचं. साळवी मुलाशी बोलायचे. पवित्रा आईजवळ चुलीपाशी जाऊन बसायची. अर्धं काम तीच करायची, आणि साळवींच्या मते जास्त चांगलं अर्धं.

मग बोधपट्टी आली.

तिच्यामागचं शास्त्र जुनंच होतं. आपण कुणाचं बोलणं ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत नाही, पुढं काय येणार याचा अंदाज बांधत असतो. 'मी चहात साखर घातली' हे ऐकताना त्याला विशेष काही करावं लागत नाही. पण 'मी चहात चप्पल घातली' म्हटलं, की 'चप्पल' कानावर पडल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवून उघडते तेवढ्या वेळात, मेंदूतल्या विजेच्या आलेखात एक खळगा पडतो. भाषा येत नसेल तर साखर काय आणि चप्पल काय, खळगा पडत नाही. एवढंच नाही. वाक्य अगदी सरळ असलं, पण ते खोटं आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असलं, तरीही खळगा पडतो. शाळेचं दार हिरवं आहे हे माहीत असलेल्या मुलाला 'शाळेचं दार निळं आहे' असं ऐकवलं की 'निळं' या शब्दाला आलेख खाली जातो. मूल तोंड उघडो न उघडो.

पूर्वी यासाठी डोक्याला तारांचं जाळं लावून तासन्‌तास बसवावं लागे. आता टिकलीएवढे आठ संवेदक शिवलेली एक कापडी पट्टी आणि कानात एक मणी पुरत होता. यंत्र चाळीस वाक्यं वाचायचं, आधी मराठीत, मग मुलाच्या घरच्या भाषेत. निम्मी खरी, निम्मी खोटी. खऱ्या आणि खोट्या वाक्यांच्या खळग्यांत जो फरक पडेल, तो मुलाचा बोधांक. त्यातली दहा वाक्यं घरची असत. घरी कोण कोण आहे, बाप काय करतो, आई कुठं असते, असा एक फॉर्म शिक्षकानं भरायचा, आणि यंत्र त्यावरून खरी वाक्यं आणि त्यांची खोटी जोडपी तयार करायचं. सगळा भार या घरच्या वाक्यांवर. आपल्या घरचं खरं-खोटं प्रत्येक मुलाला कळतंच. तिथं फरक दिसला नाही, तर बाकीच्या वाक्यांतलं यश यंत्र योगायोग धरायचं.

साळवींकडे आता राहिलं होतं ते पट्टी बांधणं आणि खाली सही करणं.

"पोरगी आत आणण्याआधी एक सांगते," रेडीज बाई म्हणाल्या. त्यांनी साळवींना व्हरांड्यात नेलं. "मनसरा साऊद. तिसरीतली. वरच्या बागेतला गुरखा आहे ना, हर्क, त्याची मुलगी. दिवाळीपासून तोंड उघडलेलं नाही हिनं. शाळेत नाही, घरी नाही. आधी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची. मी ओरडायचे, अगो, दुसऱ्यांना पण बोलू दे!"

"दिवाळीत काय झालं?"

"दिवाळीच्या आधी. गवत कापताना आईला फुरसं चावलं. दवाखान्यात नेलं, पण तिसऱ्या दिवशी गेली." बाईंनी आवाज खाली आणला. "तिला सांगितलेलं नाही हं. आई नेपाळला गेलीय, आजी आजारी आहे म्हणून, असं सांगितलंय. सगळी वाडी सांभाळून आहे. मुलांनासुद्धा दम भरलाय मी. तुम्हीपण काही बोलू नका."

साळवींनी मान हलवली. असलं काही त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं. पवित्रा असती तर म्हणाली असती, वाडी सांभाळतेय ते पोरीला की स्वतःला? पण पवित्रा नव्हती.

नियमाप्रमाणे पट्टी आधी तपासणाऱ्यानं स्वतः बांधायची असते, यंत्र जुळवून घ्यायला. साळवींनी ती कपाळावर ओढली. कानातला मणी त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवरून बोलू लागला. तुमचं नाव भालचंद्र आहे. तुमचं घर रत्नागिरीत आहे. सहावं वाक्य होतं: तुमची पत्नी पवित्रा तुमच्याबरोबर काम करते. फॉर्म दोन वर्षांपूर्वीचा होता. ते वाक्य बदलायचं राहून गेलं होतं. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. दहातलं एक चुकलं तरी यंत्र चालतं, आणि ते वाक्य कुणीतरी अजून म्हणत होतं.

मनसरा आली. दोन वेण्या, दोन्ही वाकड्या. पुरुषाच्या हातच्या आहेत हे लांबूनही कळत होतं. साळवींनी तिला नेपाळीत विचारलं, "पट्टी टोचणार नाही. बांधू?" तिनं कपाळ पुढं केलं.

चाचणी वीस मिनिटं चालली. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मध्येच एकदा, यंत्र नेपाळीत 'माकड झाडावर बसून पुस्तक वाचतं' असं म्हणालं तेव्हा, तिच्या ओठाचा डावा कोपरा हलला. अगदी एवढासा. साळवींनी तो पाहिला.

मग यंत्रानं कागद काढला. मराठी बोधांक शून्य. नेपाळी बोधांक शून्य. आकलन नाही. जूनपासून निवासी विशेष शाळेची शिफारस.

ती शाळा दुसऱ्या जिल्ह्यात होती. बापाला बाग सोडून दोन महिन्यांतून एकदा जाता आलं असतं, फार तर.

"गाढव आहे हे यंत्र!" रेडीज बाई म्हणाल्या. "शून्य? हिला? अहो, गेल्या वर्षी हिनं मला सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवलाय!"

"सही सोमवारपर्यंत करायची आहे," साळवी म्हणाले. "मी घरी जाऊन बघतो काय ते."

घरी ते टेबलाशी बसले आणि त्यांनी सगळ्या वाक्यांचे आलेख एकेक करून उघडले. एरवी असं कुणी करत नाही. बोधांक असताना आलेख कशाला बघायचे? पण हसू आलेल्या पोरीला शून्य कसं मिळेल, हे त्यांच्या मनातून जाईना.

पहिला संशय भाषेचा होता. हे लोक नेपाळच्या पार पश्चिमेकडचे. यंत्राची नेपाळी काठमांडूची. ते 'आमा' म्हणतं, ही मुलं आईला 'इजा' म्हणतात. पण घरची नसलेली तीस वाक्यं त्यांनी तपासली आणि संशय तिथंच संपला. माकड पुस्तक वाचतं: खोल खळगा. समुद्राचं पाणी गोड असतं: खळगा. आंबा उन्हाळ्यात पिकतो: सरळ रेघ. मराठीतही तसंच. पोरीला दोन्ही भाषा उत्तम येत होत्या.

गोंधळ होता तो घरच्या वाक्यांत. तुझ्या वडिलांचं नाव हर्क आहे, तुमच्या कुत्र्याचं नाव भोटे आहे, ही ठीक होती. पण दहातली सहा वाक्यं आईची होती, आणि ती सहाच्या सहा उलटी. 'तुझी आई गावी गेली आहे' हे यंत्राच्या लेखी खरं वाक्य, तिथं खळगा. 'तुझी आई गावी गेलेली नाही' हे खोटं जोडपं. तिथं रेघ सरळ. 'तुझी आई आंब्यानंतर परत येणार आहे'. इथला खळगा तर चाळीस वाक्यांत सर्वांत खोल. खऱ्या-खोट्याची वजाबाकी करून यंत्रानं शून्य काढलं होतं.

साळवींनी चष्मा काढून पुसला. ही आकृती त्यांनी कुठंतरी पाहिली होती. त्यांनी सकाळचा स्वतःचा आलेख उघडला आणि सहावं वाक्य तिच्या वाक्याशेजारी ठेवलं. तुमची पत्नी पवित्रा तुमच्याबरोबर काम करते. तोच खळगा. तिथंच सुरू होणारा, तेवढाच खोल.

म्हणजे मनसराला ठाऊक होतं.

पवित्रा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा कालिंपोंगहून फोन आला होता. "भिनाजु," त्यानं मेहुण्याला विचारलं, "तेरा दिवस मीठ पाळताय ना?" तिकडे घरातलं माणूस गेलं की जवळच्यानं तेरा दिवस अळणी खायचं असतं. साळवी 'हो' म्हणाले होते. त्या तेरा दिवसांत ते खालच्या हॉटेलात काय मिळेल ते खात होते आणि काय खातोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी रेडीज बाईंना फोन लावला. "फॉर्ममध्ये आई गावी गेली असं तुम्ही लिहिलंत?"

"मग काय लिहिणार होते?" बाई म्हणाल्या. "तिथं जे लिहीन ते तिच्या कानात वाजणार ना! 'आई वारली' लिहू?" मग त्या थांबल्या. "का हो? चुकलं का माझं?"

"तिला माहीत आहे, बाई."

"शक्यच नाही. कुणीसुद्धा सांगितलेलं नाही."

"कुणी सांगितलेलं नाही. तरी माहीत आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि मी रोज तिला विचारते," बाई म्हणाल्या, "इजाचा फोन आला का गं म्हणून."

दुसऱ्या दिवशी साळवींनी तालुक्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मॅडम भल्या होत्या, पण घाईत होत्या.

"फॉर्म चुकलाय ना? मग दुरुस्त करा आणि परत चालवा. अर्ध्या तासाचं काम."

"दुरुस्त केलेलं वाक्य यंत्र तिला वाचून दाखवेल."

"हो. मग?"

"'तुझी आई वारली आहे.' मॅडम, हे तिला कुणीही माणसानं सांगितलेलं नाही. पहिल्यांदा यंत्रानं सांगायचं?"

"आईची वाक्यं गाळून टाका."

"घरची दहा भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही."

"तेही खरंच. आणि हातानं लिहिलेला अहवाल आता घेत नाहीत. साळवी, नियम मी केलेला नाही. तिच्या बापाला सांगू दे ना आधी. तुम्ही हेच काम करता की इतकी वर्षं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर साळवी वरच्या बागेत गेले. चढावर जांभ्या दगडाची पायवाट तापली होती. आंबे भरले होते, आणि हर्क गलोल घेऊन वानरांच्या मागं ओरडत होता. साळवींना बघून तो धावतच खाली आला.

"सर! दिदी कुठाय?"

"बरं नाही तिला," साळवी म्हणाले. सवयीनं.

पत्र्याच्या खोपीसमोर चूल पेटली होती. मनसरा चुलीपाशी बसून डाळ ढवळत होती. तिनं वर पाहिलं आणि परत डाळीत पाहिलं. हर्कनं आंब्याखाली पोतं अंथरलं आणि दोघं बसले, चुलीपासून दहा-बारा पावलांवर. ते नेपाळीत, हळू आवाजात बोलले. साळवींनी खळग्याचं सगळं समजावून सांगितलं, जूनच्या शाळेचंही सांगितलं.

"यंत्राला काय कळतं?" हर्क म्हणाला. "रेडिओसारखं बोलतं ते. सर, तिला ठाऊक असणं शक्य नाही. मी काहीच दिसू दिलं नाही. डोकं भादरलं नाही, पांढरं नेसलो नाही. कौशिलाला नेलं तेव्हा मनसरा खालच्या बागेत होती, दुसऱ्यांकडे. गावी कुणाला कळलं मी असं केलं, तर तोंडावर थुंकतील."

"मग का केलंस?"

"आंबे उतरले की गावी जायचं ठरवलं होतं. तिथं आजी आहे. आजीच्या मांडीवर बसवून सांगू म्हटलं. इथं या खोपीत आम्ही दोघंच. सांगितलं आणि ती रडायला लागली तर मी काय करू? मला वेणीपण नीट येत नाही."

"आता थांबता येणार नाही, हर्क भाई. सोमवारी त्या पट्टीतून तिला ते ऐकावं लागेल. तू आधी सांगितलं नाहीस तर यंत्र सांगेल. आणि ऐकवलंच नाही, तर ते तिला दूर नेतील."

हर्कनं गलोलीचं रबर ओढलं, सोडलं. मग त्याला एकदम सुचलं. "दिदीला आणा! दिदी सांगेल. कौशिला तिला सगळं सांगायची, मला सांगायची नाही ते पण. बाईमाणसानं सांगितलेलं वेगळं असतं, सर."

"तिला येता येणार नाही."

"मालकांची गाडी मागतो मी. खोपीपर्यंत येते. पाय दुखतो ना तिचा? खुर्ची ठेवतो. नुसतं बसू दे इथं. एक तास."

"हर्क."

"अर्धा तास."

"पवित्रा गेली," साळवी म्हणाले. "दीड वर्ष झालं."

हे वाक्य त्यांनी मराठीत दोन-तीनदा म्हटलं होतं, दवाखान्यात आणि बँकेत. नेपाळीत कधीच नाही. ती भाषा ते तिच्याशीच बोलत आले होते.

"पण गेल्या आंब्याला तुम्ही म्हणालात पाय दुखतो."

"खोटं बोललो."

"मी तिच्यासाठी मधाची बाटली दिली होती. आवडला म्हणालात तिला."

"मीच खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

हर्कच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं आणि डोळे भरले होते. त्याला दोन्हींचं काय करावं ते कळेना. वर वानरं पुन्हा झाडात शिरली होती, पण तो उठला नाही.

"किती दिवस अळणी खाल्लंत?"

आवाज घोगरा होता, बंद पडलेल्या नळातून आधी हवा येते तसा. दोघांनी वळून पाहिलं. मनसरा हातात पळी घेऊन उभी होती. ती साळवींना विचारत होती.

हर्कच्या हातून गलोल पडली.

"इजा गेली तेव्हा बानं तेरा दिवस अळणी खाल्लं," ती म्हणाली. "मी मोजले. तुम्ही किती?"

"तू..." हर्क म्हणाला. "मी तर माझी डाळ आधी काढून घ्यायचो. मग मीठ घालायचो. तुझ्यासमोर कधी..."

"मी नंतर तुझी वाटी चाटून बघायचे."

"कशासाठी?"

"गावी आजोबा गेले तेव्हा काका असंच खात होता. म्हणून बघितलं."

"मग मला विचारलं का नाहीस, पोरी?"

मनसरानं पळीकडे पाहिलं. "तू रोज म्हणायचास, इजा येणार. बाईपण म्हणायच्या. मी काहीही बोलायला गेले की ते तोंडाशी यायचं. मग तुला कळलं असतं मला माहीत आहे ते. म्हणून बोललेच नाही."

हर्क उठला नाही, ओरडला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसला. थोड्या वेळानं मनसरा त्याच्याशेजारी येऊन बसली आणि तिनं टोपीचं एक टोक धरलं. साळवी सड्याच्या कडेला दिसणाऱ्या समुद्राच्या पट्टीकडे बघत राहिले. तीस वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते: अशा वेळी मानसतज्ज्ञानं गप्प बसायचं असतं.

चुलीवर डाळ उतू जायला आली तेव्हा मनसरा उठली. जाता जाता साळवींपाशी थांबली. तिला उत्तर मिळालेलं नव्हतं.

"एकही दिवस नाही," साळवी म्हणाले.

गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

"राहून गेलं."

"राहून कसं जातं?"

ती चुलीपाशी गेली. पळीनं तिनं एक वाटी डाळ काढून बाजूला ठेवली. मग डब्यातून मीठ घेऊन भांड्यात टाकलं आणि ढवळलं. भाताच्या ताटात ती बाजूची वाटी ठेवून तिनं ताट साळवींसमोर आणलं.

"हे तुमचं."

त्यांनी खाल्लं. पहिल्या घासाला काहीच चव लागली नाही. दुसऱ्याला हळद लागली, तिसऱ्याला धूर. ताट संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, आणि बापलेकीनंही त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"आता बारा राहिले," ताट उचलताना मनसरा म्हणाली.

सोमवारी साळवींनी शाळेत तीन खुर्च्या मागितल्या, आणि तिसऱ्या खुर्चीवर हर्क बसला. डोकं भादरलेलं, अंगात पांढरा सदरा. बागेच्या मालकाचा जुना असावा, खांद्यावरून उतरत होता. रेडीज बाईंनी फॉर्म नव्यानं भरला. आईच्या रकान्यापाशी त्या आल्या तेव्हा मनसरानंच त्यांना सांगितलं, "लिहा बाई, मला माहीत आहे." दिवाळीनंतर त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्या चष्मा काढून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

यंत्र आपल्या कोरड्या आवाजात एकेक वाक्य वाचत गेलं. 'तुझी आई वारली आहे' हे आलं तेव्हा मनसरानं हर्कचं बोट धरलं. रेघ सरळ गेली. थोडीशीसुद्धा खाली आली नाही.

कागद निघाला. मराठी बोधांक ब्याण्णव, नेपाळी पंच्याण्णव. शिफारस: काही नाही. साळवींनी सही केली.

"ब्याण्णव!" रेडीज बाई म्हणाल्या. "मला तरी पडतील का तेवढे?"

हर्क बाईंच्या पाया पडायला गेला, त्यांनी पडू दिलं नाही. साळवी पट्टी गुंडाळत होते. सकाळी यंत्र जुळवताना त्यांनी स्वतःचाही फॉर्म उघडला होता आणि सहावं वाक्य बदललं होतं. तुमची पत्नी पवित्रा वारली आहे. त्यांची रेघ मनसराच्या रेघेइतकी सरळ आली नव्हती. एक खळगा होता. उथळ, पण होता.

मनसरा दप्तर घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आज कितवा?"

"तिसरा."

"लोणचं खाल्लं नाही ना?"

"नाही."

"मच्छी?"

"मच्छी कुठली? साधा वरण-भात. आणि एक पापड."

मनसरानं दप्तर खाली ठेवलं. "पापडात मीठ असतं."

काल रात्रीचा पापड साळवींच्या डोळ्यांसमोर आला, नेहमीच्या डब्यातला, नेहमीसारखा भाजलेला.

"मग ते दिवस धरायचे नाहीत," ती म्हणाली. "पहिल्यापासून मोजायचं."

"बरं," साळवी म्हणाले. "आज पहिला."